शाळा पाहावी निवडून

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून असं ज्यांनी म्हणून ठेवलं, त्यांनी शाळेचं नाव घेतलं नाही. त्यांच्या काळी शाळा निवडायची पद्धतच नव्हती. मूल सहा वर्षांचं दिसायला लागलं की वडील त्याला बखोटीला धरून जवळच्या शाळेत नेऊन बसवत. जन्मतारीख कोणाला पाठ नसे. गुरुजी 1 जून लिहून मोकळे होत आणि प्रवेशप्रक्रिया तिथेच संपे. मराठवाड्यातल्या इतक्या ज्येष्ठांचा वाढदिवस 1 जूनलाच का येतो, याचं गूढ एवढंच आहे.

त्याच ज्येष्ठांची नातवंडं आता उस्मानपुऱ्यात राहतात आणि त्यांच्या शाळेसाठी घरात एक्सेल शीट भरली जाते.

उस्मानपुरा हा छत्रपती संभाजीनगरातला शिकण्या-शिकवण्याचा भाग. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय इथलं, शासकीय तंत्रनिकेतन इथलं, देवगिरी महाविद्यालय इथून हाकेच्या अंतरावर. मधल्या गल्ल्यांत क्लासेस आणि क्लासच्या पाट्यांवर गेल्या वर्षीच्या टॉपरांचे हसरे फोटो, खाली दशांश चिन्हानंतरचे आकडे ठळक अक्षरांत. गुरुद्वारा, संत एकनाथ रंगमंदिर आणि तारा पान सेंटर ही तीन ठिकाणं सोडली, तर इथे सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत पाठीवर सॅक लावून फिरणारा प्रत्येक जण कुठल्या तरी बॅचला निघालेला असतो. इथल्या पालकांचा नीट आणि जेईईच्या कटऑफचा अभ्यास एवढा दांडगा, की कुठल्याही प्रवेशाला ते घाबरत नाहीत. आणि मग एक दिवस वाळूजच्या कंपनीतला साहेब बोलावून सांगतो, "तीन वर्षांसाठी जपानला जायचंय. फॅमिली घेऊन जा." सगळा अभ्यास तिथेच संपतो, कारण तिकडच्या प्राथमिक शाळेला कटऑफच नसतो.

अशा घरात त्या रात्री जी बैठक बसते, तिला अध्यक्ष नसतो आणि वक्ते सगळेच असतात.

"तिकडं सरकारी शाळा नाहीत का?" आजोबा विचारतात.

"आहेत ना अण्णा. पण जपानीत शिकवतात."

"मग जपानात काय मोडीत शिकवतील?"

आजीचा प्रश्न डब्याचा असतो. आईच्या फोनमध्ये तोवर 'इंटरनॅशनल' असं लिहिलेल्या सात शाळांची माहिती उघडलेली असते. पुण्याचा मामा स्पीकरवरून एकच सल्ला देतो, "आयबी बघा, आयबी." त्यावर आजोबा दचकतात. गुप्तचर खात्याने शाळा कधी काढल्या, हे त्यांना कळत नाही. ज्याच्यासाठी हे चाललंय तो नऊ वर्षांचा मुलगा खाली गल्लीत क्रिकेट खेळत असतो आणि 'कायको इत्ता फास्ट डाल्रा बे' असं शुद्ध दखनीत ओरडत असतो. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि गल्लीत दखनी अशा तीन भाषा तो कुणी न शिकवता रोज बोलतो. त्याला आता द्विभाषिक कसं करायचं, यावर वर चर्चा सुरू असते.

मामा म्हणतो ते आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, 1968 साली जिनिव्हात सुरू झालं. जिनिव्हा म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाच्या कचेऱ्यांचं आणि राजदूतांचं गाव. बापाची बदली दर तीन वर्षांनी होणार आणि प्रत्येक देशात पोराने नव्याने अभ्यासक्रम धरायचा, हे चालेना. म्हणून कुठेही चालेल अशी एकच परीक्षा काढली. भारतात ती 1976 मध्ये कोडाईकॅनॉलला पहिल्यांदा आली. केंब्रिजची अशीच आंतरराष्ट्रीय परीक्षा, आयजीसीएसई, 1988 ची. थोडक्यात, ही सोय झाली ती बदलीवाल्यांच्या मुलांसाठी. आज भारतात तिचा लाभ घेणारी पुष्कळ मुलं अशी आहेत, ज्यांच्या बापाची बदली जालन्यालासुद्धा झालेली नाही.

द्विभाषिक शाळांचे प्रकार मात्र समजून घेण्यासारखे आहेत, कारण माहितीपत्रकात सगळ्या शाळा सारख्याच हसतात. एक प्रकार खरोखर दोन भाषांत चालतो: गणित एकीत, इतिहास दुसरीत, किंवा सकाळ एका भाषेची आणि दुपार दुसरीची. दोन्ही भाषांचे शिक्षक पूर्ण वेळचे, आणि उत्तरपत्रिका दोन्हींत लिहाव्या लागतात. दुसऱ्या प्रकारात सगळं इंग्रजीत चालतं आणि स्थानिक भाषेचे आठवड्याला तीन तास असतात. त्यांत रंगांची नावं, एक गाणं आणि सणाच्या दिवशी पोशाख. तीन वर्षांनी अशा शाळेतून बाहेर पडलेलं मूल दुकानात जाऊन 'लाल' आणि 'निळा' एवढं फार सुंदर उच्चारात म्हणू शकतं. तिसऱ्या प्रकारात दुसरी भाषा फक्त शाळेच्या पाटीवर असते. या प्रकाराचा अनुभव घ्यायला परदेशी जावं लागत नाही.

फीचं काय, हा प्रश्न बाबा शेवटी विचारतात, कारण उत्तराची त्यांना कल्पना असते. टोकियोतल्या इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळांची वर्षाची फी साधारण वीस ते तीस लाख येन पडते. कंपनी भरणार असेल तर ती शाळा उत्तम असते आणि स्वतः भरायची असेल तर 'तशी काही खास नाही' असं मत होतं. शिवाय अर्जाची फी वेगळी, नोंदणीची वेगळी, इमारत निधी वेगळा, बस वेगळी. उस्मानपुऱ्यातल्या माणसाला मोठ्या आकड्याचं भय नाही. तारा पान सेंटरमध्ये पाच हजार रुपयांचं 'कोहिनूर' पान मिळतं, हे तो पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. पण तिथे निदान पानात काय घातलंय ते दाखवतात.

आपल्याकडे निदान मुलाखतीच्या बाबतीत कायदा पालकांच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 13 सांगतं की प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाळणी परीक्षा घ्यायची नाही. घेतली तर पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत दंड. त्यामुळे आता कुठेही मुलाखत होत नाही, सगळीकडे 'इंटरॅक्शन' होतं. त्या इंटरॅक्शनसाठी वडील नवा शर्ट शिवतात आणि आई रिक्षात बसल्या बसल्या मुलाकडून फळांची नावं घोटून घेते. साडेतीन वर्षांचं पोर आत गेल्यावर समोरच्या बाईंना विचारतं, "तुमच्याकडे झोका आहे का?" शाळा निवडण्याचा याहून सरळ निकष त्या खोलीत दुसऱ्या कोणाकडे नसतो.

आता हिशेबाचा भाग. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 पासून एक फरक दाखवून दिला आहे. परक्या भाषेत गेलेलं मूल मैदानावर, मित्रांत, दुकानात बोलण्याइतकी भाषा साधारण दोन वर्षांत उचलतं. पण त्याच भाषेत इतिहासाचं उत्तर लिहायला, गणितातलं शाब्दिक उदाहरण फोडायला, वर्गातल्या इतरांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. हे दोन आकडे बदलीच्या पत्राशेजारी ठेवून वाचावेत. कंपनीचा करार तीन वर्षांचा. म्हणजे स्थानिक शाळेत घातलेलं मूल भांडता येण्याच्या पातळीला पोचतं, वर्गात हळूहळू हात वर करायला लागतं, आणि तेवढ्यात सामान बांधायची वेळ येते. पालकांची फसगतही इथेच होते. पहिल्या वर्षाच्या शेवटी मूल शेजारच्या मुलाशी फडाफडा बोलताना दिसलं, की आई उस्मानपुऱ्याला व्हिडिओ पाठवते. 'किती छान जपानी बोलतो' म्हणून सगळे खूश. प्रगतिपुस्तक त्या व्हिडिओत नसतं.

जपानच्या बाबतीत मात्र उस्मानपुऱ्याच्या आजोबांचा पहिला प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. परदेशी मुलांवर तिथे शाळेची सक्ती नाही, पण मागितला तर सरकारी प्राथमिक आणि माध्यमिक शाळेत प्रवेश मिळतो आणि शिकवणीची फी नसते. शाळेचं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. मुलं पायी जातात. दुपारचं जेवण वर्गातच, वाढपीही मुलंच. शाकाहारी घरांची पंचाईत इथे होते आणि डब्यासाठी शाळेशी बोलून घ्यावं लागतं. आजी उगाच काळजी करत नव्हती. जेवणानंतर वर्ग आणि जिने मुलंच झाडतात, पुसतात. ही गोष्ट उस्मानपुऱ्यात पोचली की दोन तट पडतात. एक म्हणतो, बघा, याला म्हणतात संस्कार. दुसरा म्हणतो, आम्ही पोराला शिकायला पाठवलं, फरशी पुसायला नाही. गंमत म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत हेच काम पिढ्यान् पिढ्या मुलं करत आली. तेव्हा त्याला कोणी संस्कार म्हटलं नाही.

टोकियोत मराठी घरांची गर्दी एदोगावा वॉर्डात, निशी-कसाई स्टेशनच्या आसपास. 2000 च्या सुमाराला संगणक अभियंते आले, मग त्यांची मुलं आली आणि मग शाळांचा प्रश्न आला. इंडिया इंटरनॅशनल स्कूल इन जपान 2004 मध्ये सुरू झालं. ग्लोबल इंडियन इंटरनॅशनल स्कूलची टोकियोतली शाखा दोन वर्षांनी उघडली. या दुसऱ्या संस्थेची मूळ शाळा 2002 ची, सिंगापूरची. तिचे सहसंस्थापक अतुल टेमुर्णीकर. मराठी माणसाला धंदा जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे नाव लिहून ठेवावं. बदली झालेल्या माणसाला परमुलखात आधी काय लागतं, याचा अंदाज टेमुर्णीकरांना बरोबर आला. त्याला सीबीएसई लागतं.

याच एदोगावातून 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक वॉर्डाच्या कौन्सिलवर निवडून आले. मूळचे महाराष्ट्रातले, जपानी नागरिक झालेले, तिकडे 'योगी' म्हणून ओळखले जाणारे. पुढे 2022 मध्ये ते इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा गावच्या सरकारी हायस्कूलचे उपप्राचार्य झाले आणि 2023 मध्ये प्राचार्य. जपानी सरकारी शाळेत मूल घालावं की नको, यावर इकडे मराठी कुटुंबांत वाद चालू असताना तिकडे शाळेचे मुख्याध्यापकच मराठी निघाले. उस्मानपुऱ्यातल्या आजोबांना हे सांगितलं तर ते फक्त 'मग ओळख काढा ना' एवढंच म्हणतील. प्रवेशाची त्यांची पद्धत 1 जूनच्या काळातली आहे.

जर्मनीची गोष्ट वेगळी. तिथे शाळा सक्तीची आहे, घरी शिकवायला परवानगी नाही, आणि सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक राज्यांत पत्त्यावरून ठरते. म्हणजे निवड शाळेची नसते, भाड्याच्या घराची असते. पहिलीच्या पहिल्या दिवशी मुलाच्या हातात मोठाच्या मोठा कागदी शंकू देतात, आत गोळ्या-चॉकलेटं आणि पेन्सिली. फोटो झकास येतो. पण बव्हेरियासारख्या राज्यात चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. विद्यापीठाकडे जाणारी गिम्नाझिउम कोणाला, बाकीच्या शाळा कोणाला, हे दहाव्या वर्षीच ठरतं. जर्मन शिक्षणतज्ज्ञांत यावर वर्षानुवर्षं वाद आहे. उस्मानपुऱ्यातल्या पालकाने हे ऐकलं की त्याचा चेहरा पहिल्यांदा उजळतो. "चौथीतच ठरतं? म्हणजे क्लास पहिलीपासून लावायला पाहिजे." परक्या देशात ओळखीचं काहीतरी सापडल्याचा तो आनंद असतो.

हे झालं जाणाऱ्यांचं. येणाऱ्यांची कहाणी या शहरात वीस-पंचवीस वर्षं जुनी आहे.

शेंद्र्याला 2001 मध्ये स्कोडाचा कारखाना सुरू झाला. वाळूजला स्विस कंपनी आहे. शेंद्र्याच्या ऑरिक या औद्योगिक वसाहतीत कोरियाच्या ह्योसंगने कापडात घालायच्या लवचिक धाग्याचा कारखाना काढला. 31 जुलै 2024 ला टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी करार केला. बिडकीनच्या ऑरिकमध्ये सुमारे 20 हजार कोटींचा प्रकल्प. बातमी आली त्या संध्याकाळी बिडकीनच्या जमिनीचे भाव किती वर गेले, यावर टपरीटपरीवर चर्चा झाली. येणाऱ्या साहेबाची मुलं कुठल्या शाळेत जातील, हा प्रश्न कोणाच्या तोंडी नव्हता. परदेशातून आलेल्या अभियंत्याच्या बायकोला मात्र तोच पहिला प्रश्न पडतो. दुसरा अर्थातच नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं हा.

जर्मन शाळा मुंबईला, जपानी शाळा मुंबईला, फ्रेंच शाळा मुंबईला. समृद्धी महामार्ग झाला म्हणून मूल रोज साडेतीनशे किलोमीटर जाऊन येईल असं नाही. पुण्यात 1998 साली मर्सिडीज-बेंझच्या नावाने आंतरराष्ट्रीय शाळा निघाली, परदेशी अभियंत्यांची मुलं डोळ्यांसमोर ठेवूनच. पुढे तिचं नाव महिंद्रा इंटरनॅशनल स्कूल झालं. मोटार कंपनीने मोटारींबरोबर शाळाही काढावी, यात पुण्याला काही वावगं वाटलं नाही. संभाजीनगरला कारखाने आले, विमानतळ आला, शाळेचं राहून गेलं. इथे चांगल्या इंग्रजी शाळा आहेत, पैठण रोडची नाथ व्हॅली 1992 पासून नावाजलेली आहे. पण साहेबाच्या घरची भाषा आणि इथली भाषा दोन्ही धरून चालणारी शाळा शोधली तर हात रिकामे येतात.

त्यात महाराष्ट्राचा कायदा आहे. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत, सीबीएसई असो, आयसीएसई असो की आयबी-केंब्रिज, मराठी शिकवणं सक्तीचं झालं आणि न शिकवणाऱ्या शाळेला एक लाखापर्यंत दंड ठरला. कायदा योग्यच आहे. ज्या गावी राहायचं त्या गावची चार वाक्यं यायला हवीत. फक्त बाहेरून आलेल्या पालकांच्या नजरेने पाहावं. नागोयाहून आलेली आई मुलाची वही उघडते आणि तीत अर्धा पानभर 'ळ' काढलेला असतो. ती मदतीला शेजारी जाते. शेजारच्यांचा मुलगा इंग्रजी माध्यमात. त्याचाही 'ळ' कच्चा. दोघं मिळून खालच्या वॉचमनकाकांकडे जातात. एवढं करून आलेला मराठीचा स्वाध्याय हा त्या कॉलनीतला सर्वांत आंतरराष्ट्रीय दस्तऐवज असावा.

शाळेच्या भाषांबाबत सरकारचंही एकदाचं ठरत नाही. 16 एप्रिल 2025 ला शासन निर्णय निघाला की पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा सक्तीची. 17 जूनला शुद्धिपत्रक आलं, सक्ती गेली आणि 'सर्वसाधारणपणे' हा शब्द आला. 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. ज्या परदेशी कुटुंबाने एप्रिलमध्ये चौकशी सुरू केली, त्याच्याकडे जूनअखेर तीन वेगळी उत्तरं होती आणि तिन्ही सहीशिक्क्याची.

आणि तरीही या जिल्ह्यातली सर्वांत मजेशीर बहुभाषिक शाळा सापडते ती जिल्हा परिषदेची. शहरापासून 25 किलोमीटरवर गाडीवाट नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेने सप्टेंबर 2019 मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं, एखादी परदेशी भाषा शिकायची तर कोणती? मोठ्यांना वाटलं इंग्रजी, फार तर फ्रेंच. पोरांना रोबोट आणि तंत्रज्ञानाची हौस. त्यांनी जपानी निवडलं. गावात जपानी येणारं कोणी नाही आणि पुस्तकं नाहीत. शिक्षकांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची ॲप हाताशी धरली. पुढे शहरातल्या एका जाणकारांनी विनामूल्य ऑनलाइन तास घेतले. ज्या घरी फोन नव्हता तिथल्या मुलांना शिकलेल्या मुलांनी शिकवलं. 2020 मध्ये बातमी देशभर झळकली. टोयोटाचा करार त्यानंतर चार वर्षांनी झाला. या जिल्ह्यातल्या गुंतवणुकीचा इतका अचूक अंदाज कोणत्याही सल्लागार कंपनीने वर्तवला नव्हता. आणि त्या शाळेत इमारत निधी नव्हता.

या शहराला शाळेतल्या भाषेचं ओझं नवं नाही. निजामाच्या राज्यात सरकारी माध्यमिक शाळांचं माध्यम मुख्यतः उर्दू होतं. उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये निघालं तेही उर्दू माध्यमाचं. 'बाबा-ए-उर्दू' म्हणून गाजलेले मौलवी अब्दुल हक याच गावात शाळा तपासनीस होते आणि पुढे इथल्या कॉलेजचे प्राचार्य झाले. मराठी घरांना मराठी शाळा हवी होती म्हणून 1915 मध्ये सरस्वती भुवन उभं राहिलं. निजामाचं राज्य संपण्याआधी, म्हणजे 17 सप्टेंबर 1948 च्या आधी शिकलेल्या मराठवाड्यातल्या माणसाच्या घरी मराठी, वर्गात उर्दू, कचेरीत उर्दू आणि मॅट्रिकला इंग्रजी असे. असे आजोबा तुकारामाची गाथा आणि जमिनीचे उर्दूतले कागद सारख्याच सहजतेने वाचत. त्यांच्या आईवडिलांनी कुठलंही माहितीपत्रक चाळलं नव्हतं. अर्थात त्या व्यवस्थेत गळालेल्या मुलांची नावं कोणी मोजून ठेवली नाहीत, आणि गाजलेल्या आजोबांच्या आठवणीवर शिक्षणाचं धोरण ठरवणं धोक्याचं असतं.

आजचा मराठी तोडगा 'सेमी' आहे. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. उस्मानपुऱ्यातला रिक्षावाला शाळेचं नाव विचारत नाही, "सेमी है क्या फुल इंग्लिश?" एवढंच विचारतो, कारण त्यावरून त्याला सुटण्याची वेळ कळते. आजीजवळ बसून 'बे एके बे' म्हणणारं आणि शाळेत 'टू वन्स आर टू' म्हणणारं हे मूल बिनबोभाट द्विभाषिक आहे. बालभारतीने अलीकडे पहिलीची पुस्तकंही द्विभाषिक काढली, मराठीशेजारी इंग्रजी शब्द देऊन. स्वित्झर्लंडमध्ये अशी शाळा असती तर तिची पत्रकं तकतकीत कागदावर छापली गेली असती. इथे ती अनुदानित आहे, म्हणून आईला मैत्रिणींत सांगायला जरा अवघड वाटतं.

परत येण्याचा विचार मात्र जाण्याआधी कोणीच करत नाही, आणि खरी गोची तिथे असते. जपानचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, जर्मनीचं ऑगस्ट-सप्टेंबरला, आपलं जूनच्या मध्याला. मूल डिसेंबरात परतलं तर कुठल्या इयत्तेत बसवायचं यावर दोन शाळा तीन मतं देतात. पहिलीला 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत, तिथपासून वयाचा हिशेब लागतो. कारकून शांतपणे 'एलसी आणा' म्हणतो. जपानी शाळा एलसी देत नाही, शिकल्याचं प्रमाणपत्र देते, तेही जपानीत. त्याचं भाषांतर करा, शिक्का घ्या, आणि मग 'सरल' या विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीत मुलाचा क्रमांक सापडत नाही. दरम्यान मूल वर्गात शिरताना दारात चपला काढून ठेवतं आणि सुट्टीत झाडू शोधतं. वर्गातली पोरं दोन दिवस हसतात. तिसऱ्या दिवशी त्यातलाच एक त्याला विचारतो, "जपानीत शिवी काय देतात रे?" आणि त्याचं शहरात पुनर्वसन पूर्ण होतं.

आता निकाल द्यायचाच तर असा. मूल दहाच्या आतलं आहे आणि मुक्काम पाच वर्षांच्या पुढे जाईल अशी चिन्हं आहेत, तर तिथली सरकारी शाळा घ्यावी. मराठी घरात रोज बोलावी आणि वाचायलाही लावावी, रविवारची मराठी शाळा जवळ असेल तर घालावं. मुक्काम तीन वर्षांचाच आणि मूल सातवीच्या पुढचं, तर जे बोर्ड परतल्यावर चालणार आहे तेच तिथे शोधावं, मग ते सीबीएसई असो की आयबी. नववीत नवी भाषा शिकवण्याची हौस पालकांनी आपल्यावर भागवावी. दोन भाषांची शाळा म्हणून पैसे मागितले तर दुसऱ्या भाषेतून शिकवला जाणारा एक तरी विषय आणि त्याची तपासलेली वही दाखवायला सांगावी. वही दाखवायला कोणी टाळाटाळ केली, तर तिथे अर्जाची फीसुद्धा भरू नये. शेंद्रा-बिडकीनच्या कंपन्यांनी जमिनीबरोबर शाळेचाही विचार आताच करावा, आणि त्यात साहेबांच्या मुलांबरोबर गाडीवाटची मुलंही बसतील असं पाहावं. जपानी त्यांनाही थोडं येतं. आणि शाळा पाहायला जाणाऱ्या आईबापांनी मुख्याध्यापकांच्या केबिनची वेळ घेऊ नये, मधल्या सुट्टीची घ्यावी. मुलं कोणकोणत्या भाषांत भांडतात ते मैदानाच्या कडेला उभं राहून दहा मिनिटं ऐकावं. त्याला फी लागत नाही.